कारखाना हलवला म्हणून किलो कमी होत नाहीत

प्रति,
राज्याच्या उद्योग आणि पर्यावरण खात्यांचा कारभार पाहणारे मंत्री व अधिकारी,
ठाणे जिल्ह्यातले लोकप्रतिनिधी,
आणि ठाणे-बेलापूर, डोंबिवली व तळोजा इथल्या कारखानदार संघटनांचे पदाधिकारी यांस

विषय: स्थलांतराला प्रदूषण नियंत्रण म्हणणे थांबवण्याबाबत

स. न. वि. वि.

डोंबिवली एमआयडीसीतले १५६ धोकादायक कारखाने पाताळगंगेला हलवायचे, असा निर्णय राज्य सरकारने २०२२ मध्ये घेतला. मे २०२४ मध्ये त्याच वसाहतीत स्फोट झाला, माणसं गेली आणि स्थलांतराची घोषणा पुन्हा झाली. घरांच्या भिंतीला भिंत लावून रिॲक्टर नको, हे आम्हाला पूर्ण मान्य आहे. स्फोटाचा धोका अंतराने कमी होतो. पण तोच उपाय आता प्रदूषणासाठीही सांगितला जातो, आणि त्याच्या जोडीला एक वाक्य हमखास येतं: ठाणे-बेलापूरचा औद्योगिक पट्टा बदलतोय, रसायनाच्या जागी आयटी पार्क आणि डेटा सेंटर येतायत, शहर श्रीमंत होतंय, प्रदूषण आपोआप खाली येईल.

आमचा आक्षेप त्या ‘आपोआप’वर आहे.

आम्ही या पट्ट्यात राहतो आणि इथेच ईटीपी (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रं), बॉयलर आणि पाणी-हवा तपासणीच्या प्रयोगशाळा चालवतो. कारखाने बंद करा असं आम्ही म्हणणार नाही, आमची चूल त्यांच्यावरच पेटते. पण हिवाळ्यात रात्री अकरानंतर वासामुळे ज्या घरांच्या खिडक्या लागतात, त्या घरांतही आम्हीच असतो. दोन्ही बाजू रोज बघत असल्यामुळे हिशेब मांडायला बसलो.

अर्थव्यवस्था वाढत असताना कारखान्यांचं एकूण प्रदूषण तीन गोष्टींवर ठरतं. माल किती बनतो, कोणत्या प्रकारचा बनतो, आणि त्याच मालाच्या एका टनामागे घाण किती निघते. अर्थशास्त्रज्ञ यांना आकाराचा, मिश्रणाचा आणि तंत्राचा परिणाम म्हणतात. आकार वाढला की घाण वाढते. मिश्रण बदललं, म्हणजे डाय-इंटरमीडिएटच्या (रंग बनवायच्या कच्च्या रसायनांच्या) जागी सॉफ्टवेअर आलं, की इथली घाण कमी होते. फक्त इथली. एकूण किती कमी झाली ते डाय-इंटरमीडिएट आता कुठे बनतं यावर अवलंबून. तंत्र बदललं तरच तोच माल कमी घाणीत बनतो.

‘देश श्रीमंत झाला की प्रदूषण घटतं’ हा समज ज्या आलेखावरून पसरला, तो जीन ग्रॉसमन आणि ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात मांडला होता. उत्पन्न वाढतं तसं अनेक प्रदूषकांचं प्रमाण आधी चढतं आणि मग उतरतं, असं त्यांना दिसलं. ही उतरण आपोआप होते असं मानायला आधार नाही, हेही त्यांनी तिथेच लिहून ठेवलं. आलेख जगभर फिरला, इशारा मागे राहिला.

पुढे जोसेफ शपिरो आणि रीड वॉकर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेचा हिशेब उलगडून पाहिला. १९९० ते २००८ या काळात तिथल्या कारखान्यांतून हवेत जाणारी मुख्य प्रदूषकं सुमारे ६० टक्क्यांनी घटली, आणि उत्पादन मात्र वाढलं. घाणेरडे उद्योग चीनला गेले म्हणून असं झालं असेल, ही शंका कुणालाही येईल. तपासल्यावर तो वाटा किरकोळ निघाला. बहुतेक घट त्याच वस्तू त्याच देशात कमी घाणीत बनवल्यामुळे झाली होती. आणि कारखान्यांनी पद्धत बदलली याचं मुख्य कारण नियमन होतं: प्रदूषण करण्याची कारखान्याला पडणारी अप्रत्यक्ष किंमत त्या काळात दुपटीहून जास्त झाली होती. जपानने तर हा मार्ग पन्नास वर्षांपूर्वीच धरला. योक्काइची शहरातल्या, कारखान्यांच्या धुरामुळे झालेल्या दम्याच्या खटल्याचा निकाल १९७२चा. १९७३च्या कायद्याने कारखान्यांवर त्यांच्या गंधक वायूच्या प्रमाणात आकारणी बसवली आणि त्या पैशातून आजाऱ्यांना भरपाई दिली. जेवढा वायू, तेवढं बिल.

आता आपल्याकडे. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत, १९६२ची. आज तिथे काचेच्या इमारती आहेत. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा नॅफ्था क्रॅकर (नॅफ्थ्यापासून रसायनं बनवणारा मोठा कारखाना) केव्हाच थंड झाला. ऐरोली-महापे भागात डेटा सेंटरांची रांग लागली. ही सगळी मिश्रणाची करामत. तिच्यामुळे इथली हवा काही अंशी सुधारली असेल तर चांगलंच आहे, पण तिचं श्रेय नियंत्रणाला घेऊ नका. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९च्या निर्देशांकात डोंबिवलीला ७८.४१, नवी मुंबईला ७३.७७ आणि तारापूरला ७२.०१ गुण होते. ७०च्या वर म्हणजे अतिप्रदूषित. २०१८च्या यादीत तारापूर ९३.६९वर जाऊन देशात पहिलं आलं. मधल्या काळात मोजण्याची पद्धत बदलली, त्यामुळे आकड्याला आकडा लावून बघू नये. पण ठाण्याच्या उत्तरेला काय चाललंय ते कळायला तेवढं पुरे. पाताळगंगेकाठी रसायनीचे कारखाने आधीपासून आहेत. तिथे आणखी १५६ नेले आणि प्रत्येकाचा टनामागचा किलो (एक टन मालामागे निघणाऱ्या घाणीचे किलो) तोच राहिला, तर आपण नकाशावरची टाचणी हलवली, एवढंच.

मग तंत्र बदलणं म्हणजे काय? कोट्यवधींची यंत्रं डोळ्यासमोर आणू नका. औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या प्लेटिंगच्या गाळ्यात उभे राहा. कामगार जिग (मुलामा द्यायचे भाग टांगलेली चौकट) क्रोमच्या टाकीतून उचलतो आणि थेट शेजारच्या धुण्याच्या टाकीत बुडवतो. जिगवरून ओघळणारं क्रोमचं द्रावण धुण्याच्या पाण्यात गेलं, तिथून ईटीपीत. हीच जिग टाकीवर आडव्या दांड्याला २० ते ३० सेकंद टांगली, दोन टाक्यांच्या मध्ये क्रोमच्या टाकीकडे उतार असलेला पत्रा बसवला, आणि एका टाकीऐवजी तीन टाक्या ओळीत लावून स्वच्छ पाणी शेवटच्या टाकीत सोडून उलटं पहिलीकडे आणलं, तर धुण्याचं पाणी ८० ते ९० टक्क्यांनी कमी लागतं. पहिल्या टाकीतलं क्रोममिश्रित पाणी गरम बाथमध्ये परत घालता येतं, कारण तिथलं पाणी उडतच असतं. खर्च काय? दोन प्लॅस्टिकच्या टाक्या, एक छोटा पंप, थोडी पाइपलाइन.

तरीही बहुतेक ठिकाणी हे होत नाही. कारणं साधी आहेत. गाळ्यात दोन टाक्यांना जागा नसते. मजुरी जिगमागे मिळते, म्हणून तीस सेकंद थांबणं कामगाराच्या खिशातून जातं. आणि वाचवलेल्या क्रोमच्या किलोला बाहेर कुणी किंमत लावलेली नसते. पुढे ईटीपीत हेच क्रोम मारायचं तर आधी पीएच २ ते ३वर आणून सोडियम मेटाबायसल्फाइट टाकावं लागतं, तेव्हा विषारी षट्संयुजी क्रोमचं त्रिसंयुजी होतं. मग चुन्याने पीएच साडेआठ-नऊवर नेऊन ते गाळात बसवायचं. आम्ल वाचवायला कुणी पीएच ५वरच मेटाबायसल्फाइट टाकलं, तर क्रिया इतकी मंदावते की पिवळं पाणी तसंच पुढे निघून जातं. मग पाणी पांढरं दिसेपर्यंत त्यात साध्या पाण्याचा नळ सोडतात.

तो नळ ही आमची पहिली तक्रार.

कन्सेंटमध्ये, म्हणजे प्रदूषण मंडळाच्या परवानगीपत्रात, सांडपाण्याचे रोजचे घनमीटर असतात आणि लिटरमागचे मिलिग्रॅम असतात. पण नमुना काढणारा मिलिग्रॅमच तपासतो, दोन्हींचा गुणाकार कुणी करत नाही. एका कारखान्याचं पाणी रोज १०० घनमीटर आणि सीओडी (पाण्यातली घाण मोजायचं माप) लिटरमागे ५०० मिलिग्रॅम असेल, तर खाडीकडे ५० किलो निघाले. मर्यादा २५०ची. त्याने १०० घनमीटर साधं पाणी मिसळलं, सीओडी २५० झाला, नमुना पास. किलो किती? ५०. शेजारच्याने खरोखर प्रक्रिया करून २५ किलोवर आणलं, तर कागदावर दोघे सारखे आणि खर्च एकट्यालाच. बाजारात तोच मागे पडतो. मोठ्या पातळीवर हेच पाहा: ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या सामायिक प्रक्रिया केंद्राची क्षमता रोज २७ दशलक्ष लिटर. सगळे नियम तंतोतंत पाळून २५० मिलिग्रॅमचं पाणी त्या क्षमतेने बाहेर पडलं, तरी खाडीत रोज ६,७५० किलो सीओडी जातो. या खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून घोषित केलं गेलं. कारखाने दुप्पट झाले, केंद्र दुप्पट झालं, तर किलोही दुप्पट, आणि अहवालात सगळं हिरवं. आकार वाढला की मिलिग्रॅमची मर्यादा काहीच धरून ठेवत नाही.

दुसरी तक्रार दंडाच्या गणिताची, आणि आमच्या मते खरी गाठ इथे आहे.

रोज ६० घनमीटर सांडपाण्याचा मध्यम कारखाना घ्या. वायुवीजन टाकीचा १५ अश्वशक्तीचा ब्लोअर म्हणजे सुमारे ११ किलोवॉट. रात्री आठ तास बंद ठेवला तर ८८ युनिट वाचतात. युनिटला नऊ रुपये धरले तर महिन्याला चोवीस हजारांच्या आसपास. इतक्यासाठी काय बिघडतं? टाकीत सांडपाण्यातली घाण खाणाऱ्या जिवाणूंना पाण्यात लिटरमागे साधारण २ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू लागतो. हवा थांबली की काही तासांत तो शून्यावर येतो, गाळ काळा पडतो आणि सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडू लागतात. पहाटे ब्लोअर पुन्हा सुरू केला की पाण्यात कोंडलेला तो वायू बुडबुड्यांबरोबर एकदम बाहेर पडतो. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, वर झाकण बसल्यासारखं होतं. पहाटे घणसोली-रबाळेकडच्या घरांत कुजक्या अंड्यांचा वास येतो, त्यामागे असेही ब्लोअर असतात. हे आठवडाभर चाललं की गाळ निवळण टाकीत खाली न बसता वर तरंगतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. मग शेण आणि गूळ टाकून जिवाणू पुन्हा उभे करायचे, त्यात दोन-तीन आठवडे जातात. तेवढे दिवस ईटीपी म्हणजे नुसता हौद.

हे छोट्या रकमेचं झालं. क्षार जास्त असलेलं पाणी जिवाणूंच्या हातचं नसतंच. ते आटवावं लागतं. रोज १० घनमीटर असं पाणी तीन टप्प्यांच्या बाष्पकात आटवायला साधारण चार टन वाफ लागते. वाफेचा टन दोन हजार रुपये धरा. रोजचे आठ हजार, वर्षाचे ३०० दिवस धरले तर २४ लाख, आणि उरलेल्या मिठाची विल्हेवाट वेगळी. पाणी कायद्यात २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर बऱ्याच उल्लंघनांना दंड आहे १० हजार ते १५ लाख. उल्लंघन चालू राहिलं तर रोजचा जादा दंडही आहे, पण तो सिद्ध झालेल्या दिवसांपुरता. केंद्रीय मंडळाचं पर्यावरण भरपाईचं सूत्र बघा. उद्योगाच्या वर्गाचा अंक, उल्लंघनाचे दिवस, कारखान्याचा आकार, शहराची लोकसंख्या आणि एक रुपया-गुणक यांचा तो गुणाकार आहे. लाल (सर्वाधिक प्रदूषणाच्या) वर्गातला लहान कारखाना, गुणक २५०, लोकसंख्या दहा ते पन्नास लाख धरली तर दिवसाला १२,५०० रुपये येतात. त्या दिवशी नाल्यात ५ किलो गेले की ५०० किलो, याची सूत्राला दखलच नाही. किलो हा शब्दच त्यात नाही.

ज्याला हिशेब येतो तो हा हिशेब करतो. म्हणूनच रात्रीचे टँकर आहेत. २०१४ मध्ये उल्हासनगरला वालधुनीच्या पात्रात टँकरने ओतलेल्या रसायनाचा वायू वस्तीत पसरला आणि शेकडो लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं. टँकरवाल्याला शिव्या घालणं सोपं आहे. प्रामाणिकपणे आटवण्यापेक्षा तो स्वस्त पडतो तोवर त्याला गिऱ्हाईक मिळणारच.

तिसरी तक्रार मोजणाऱ्यांची. यात आम्हीही आलो, म्हणून जपून पण स्पष्ट लिहितो. ज्याची तपासणी करायची त्यानेच तपासनीस निवडायचा आणि त्यानेच बिल द्यायचं, अशी रीत असेल तर आकडे कसे येतात हे गुजरातेत २००९ ते २०११ दरम्यान पडताळून झालं आहे. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी अहमदाबाद आणि सुरतच्या कारखान्यांत हा प्रयोग केला. चिमणीतल्या धुळीची मर्यादा घनमीटरमागे १५० मिलिग्रॅम होती. नेहमीच्या लेखापरीक्षकांच्या (म्हणजे प्रदूषण तपासनिसांच्या) ७३ टक्के नोंदी मर्यादेच्या जरा खाली, बेताच्या पास. दुसऱ्यांनी जाऊन तीच धूळ मोजली तेव्हा तशा नोंदी निघाल्या १९ टक्के. मग काही कारखान्यांसाठी लेखापरीक्षक लॉटरीने नेमले, त्यांची ठरावीक फी सामायिक निधीतून दिली आणि त्यांच्या कामाची फेरतपासणी ठेवली. नापासाला पास लिहिण्याचं प्रमाण ८० टक्क्यांनी घटलं, आणि मोजमाप खरं होतंय म्हटल्यावर कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं. याच मंडळींच्या दुसऱ्या प्रयोगात नुसत्या भेटी वाढवून फारसा फरक पडला नाही. म्हणून ‘आणखी इन्स्पेक्टर नेमा’ ही आमची मागणी नाही.

ऑनलाइन सेन्सर लावले की प्रश्न मिटला, असंही समजू नका. प्रोब साध्या पाण्याच्या बादलीत ठेवता येतो. मापनाची वरची मर्यादाच १५०वर बांधली की आकडा त्यापुढे जातच नाही. सीओडीचा सेन्सर मुळात अतिनील किरणं किती शोषली जातात त्यावरून अंदाज बांधतो, उत्पादन बदललं आणि पुन्हा जुळवला नाही तर तो प्रामाणिकपणे चूक सांगतो. खरं-खोटं ओळखायला आम्ही तीन गोष्टी बघतो. एक, आलेख किती सरळ आहे. जिवंत ईटीपीचा आकडा दिवसभर हलतो, चार दिवस रेघ सपाट असेल तर बादली शोधा. दुसरी, ब्लोअर-पंपांचा वेगळा वीजमीटर. तिसरी, गाळ. वर घेतलेल्या ६० घनमीटरच्या कारखान्यात सीओडी ३,०००वरून २५०वर येतो असा दावा असेल, तर रोज १६५ किलो सीओडी गेला. त्यातून अगदी कमी धरला तरी पाचवा भाग, म्हणजे ३३ किलो कोरडा गाळ निघायला हवा. फिल्टर प्रेसच्या ओल्या वडीत तो साधारण १६५ किलो भरतो, महिन्याला चार टनांच्या वर. घातक कचऱ्याच्या मॅनिफेस्टमध्ये (वाहतुकीच्या नोंदपत्रात) वर्षभराचा गाळ अर्धा टन दिसत असेल, तर ईटीपी कागदावर चालतोय. हे कळायला नमुनासुद्धा काढावा लागत नाही. हे सगळे कागद आजच शासनाकडे जमा होतात, फक्त एकमेकांशेजारी ठेवून कुणी वाचत नाही.

चौथी तक्रार इंधनाची, थोडक्यात. फर्नेस ऑइलमध्ये ४ टक्क्यांपर्यंत गंधक चालतं. एक टन जाळलं की ८० किलो सल्फर डायऑक्साइड. तोच बॉयलर पाइपच्या गॅसवर चालवला तर जवळपास शून्य. राज्याने एप्रिल २०२२ पासून नैसर्गिक वायूवरचा व्हॅट १३.५वरून ३ टक्क्यांवर आणला, हा अलीकडचा सगळ्यात शहाणा पर्यावरण-निर्णय होता आणि तो घेतला अर्थसंकल्पाने. पण वायू जीएसटीबाहेर असल्याने त्या कराची वजावट कारखान्याला मिळत नाही. फर्नेस ऑइल आणि कोळशाची मिळते. गॅसचा दर चढला की बर्नर पुन्हा बदलला जातो.

राज्याने काहीच केलं नाही असं आम्ही म्हणत नाही. ५ जून २०१७ला महाराष्ट्राने चिमणीच्या धुळीवर कारखान्यांना तारे देणारी योजना सुरू केली, आकडे लोकांसमोर ठेवले, आणि कल्पना उत्तम होती. शेजारच्या सुरतने २०१९ मध्ये त्यापुढचं पाऊल टाकलं. सुमारे तीनशे कारखान्यांच्या धुळीवर एकत्रित किलोची कमाल मर्यादा, प्रत्येकाला परवाने, ते विकण्या-घेण्याची मुभा, किलोचा दर ५ ते १०० रुपयांच्या दरम्यान, आणि परवान्यापेक्षा जास्त धूर सोडला तर आधी भरलेल्या अनामतीतून थेट वसुली. या बाजारात घेतलेल्या कारखान्यांची धूळ बाहेर ठेवलेल्यांपेक्षा २० ते ३० टक्के कमी निघाली, आणि नियंत्रणाचा खर्चही उतरला. सुरतचे कापडवाले अचानक श्रीमंत झाले नव्हते. किलोला भाव आला होता, एवढंच.

आमच्या मागण्या अशा:

१. लाल वर्गातल्या प्रत्येक कारखान्याच्या कन्सेंटमध्ये मिलिग्रॅमबरोबर दिवसाची किलोमर्यादा लिहा. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याला सीलबंद मीटर लावा. सामायिक प्रक्रिया केंद्राचं बिल घनमीटरवर न करता किलोवर करा. नमुना एका बाटलीचा नको, चोवीस तासांचा मिश्र हवा, ४ अंशांवर ठेवलेला.

२. भरपाईच्या सूत्रात किलो आणा. दर असा ठरवा की न आटवलेल्या घनमीटरची किंमत आटवण्याच्या खर्चाच्या दुप्पट पडेल. तो खर्च दरवर्षी वाफेच्या आणि विजेच्या दरावरून पुन्हा मोजा, नाहीतर पाच वर्षांत दंड पुन्हा स्वस्त होतो.

३. केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या पर्यावरण लेखापरीक्षण नियमांत लेखापरीक्षक यादृच्छिक पद्धतीने नेमण्याची तरतूद आहे. ती या जिल्ह्यात खरोखर लॉटरीने चालवा, फी सामायिक निधीतून द्या, आणि दहातल्या दोन अहवालांची फेरतपासणी दुसऱ्याच प्रयोगशाळेकडून करा. हे नियम आमच्यापैकी काहींच्या धंद्याच्या विरोधात जातात, जाऊ द्या.

४. लहान कारखान्यांसाठी पट्ट्यात सामायिक बाष्पक उभारा. दहा घनमीटरवाल्याने स्वतःचा बाष्पक चालवावा ही अपेक्षा खोटी आहे, ती कुणी पाळणार नाही आणि टँकर तेवढे वाढतील. सामायिक केंद्राकडे जाणाऱ्या टँकरला जीपीएस हवा, आणि निघताना-पोहोचताना वजन. वजनात फरक असेल तर पैसे पाठवणाऱ्याकडून घ्या, म्हणजे चालकावर लक्ष ठेवायचं काम तोच करेल. प्लेटिंगच्या गाळ्यांसाठी वसाहतीतल्या एखाद्या रिकाम्या भूखंडावर धुण्याच्या तीन टाक्यांची सामायिक सोय करून पाहा, जागेची अडचण खरी आहे.

५. एकही कारखाना हलवण्याआधी त्याचा टनामागचा किलो आज किती आहे ते जाहीर करा, आणि नव्या जागी तो निम्मा झाल्याशिवाय उत्पादनाची परवानगी देऊ नका. इथे बंद झालेल्या कारखान्याचं उत्पादन महाड, लोटे, तारापूर की गुजरातेतल्या दहेजला गेलं, याची नोंद ठेवा. रसायनीकरांना हे विचारायचा हक्क आहे.

६. वायूवरच्या कराची वजावट मिळावी यासाठी राज्याने जीएसटी परिषदेत ठराव मांडावा. तोपर्यंत व्हॅट ३ टक्क्यांच्या वर नेऊ नका.

७. कारखान्याच्या गेटवर माहितीफलक लावण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २००३चा आहे. फलक लागले, पण बऱ्याच ठिकाणी आकडे ऑइलपेंटने रंगवलेले असतात, ऊन-पावसात उडतात आणि पुन्हा तेच रंगवले जातात. त्या जागी खडूने लिहायचा काळा फळा लावा. दर महिन्याच्या एक तारखेला त्यावर तीन आकडे लिहा: ईटीपीच्या वीजमीटरचं रीडिंग, गेल्या महिन्यात पाठवलेल्या गाळाचे किलो, बाहेर गेलेल्या पाण्याचे घनमीटर.

पहिल्या सहा मागण्यांना समित्या लागतील, वेळ लागेल, हे आम्ही जाणतो. सातवीला कायद्यात बदल लागत नाही, निविदा लागत नाही, निधी लागत नाही. येत्या एक तारखेपासून ती सुरू करा. बाकीचा गुणाकार गेटबाहेर उभे राहून आम्ही करू.

आपले,
ठाणे-बेलापूर पट्ट्यात काम करणारे काही पर्यावरण अभियंते, ईटीपी ऑपरेटर आणि प्रयोगशाळा कर्मचारी